घराचं पाणी कुठून बंद होतं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घराचं पाणी कुठून बंद होतं, हे घरातल्या किती माणसांना ठाऊक आहे? स्वयंपाकघरातल्या किंवा न्हाणीघरातल्या नळाबद्दल मी बोलत नाही. साऱ्या घराला येणारं पाणी ज्या एका जागी थांबवता येतं, त्या मुख्य कॉकबद्दल विचारतो आहे. बहुतेक घरांत या प्रश्नाला दोनच उत्तरं मिळतात. गृहिणी म्हणतात, "ह्यांना ठाऊक असेल." आणि हे म्हणतात, "प्लंबरला विचारायला हवं."

माझं कणकवलीच्या बाजारात पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे. तीस-बत्तीस वर्षं गिऱ्हाईक पाहतो आहे. घर बांधणारा माणूस बेसिनचा नळ निवडायला बायको-मुलांना घेऊन येतो. तो चकचकीत आहे का, टाइलला शोभेल का, यावर तास तास चर्चा होते. पण मुख्य पाइपावर बसणारा व्हॉल्व कुणीही स्वतः निवडत नाही. तो प्लंबरच्या यादीत सर्वांत खाली असतो, आणि "त्यातलाच जरा स्वस्त द्या" म्हणून नेला जातो. मग तो घरामागे, पाइप जमिनीत शिरतो तिथे, कुठेतरी बसतो. त्यावर गवत वाढतं, चिऱ्याचे तुकडे पडतात, आणि दोन वर्षांत घरातली माणसं त्याला विसरतात. त्याची आठवण येते ती पाइप फुटल्यावर.

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. गड आणि जानवली या दोन नद्यांच्या मधलं आमचं गाव. घराघराला विहीर. पाणी काढायचं ते कळशीने, राहाटाने, नाहीतर लाटेने. आपण दोर सोडला की पाणी थांबलं. घागर फुटली तरी घागरभरच पाणी सांडायचं. नळ आले आणि पाण्याचा स्वभाव बदलला. आता त्याच्यामागे टाकीचा किंवा पंपाचा दाब असतो. विहिरीचं पाणी माणूस थांबला की थांबायचं, नळाचं पाणी माणूस झोपला तरी चालूच राहतं. आपण नळाची सोय घेतली, पण ते थांबवायचं कसं, हे शिकायचं राहून गेलं.

हे शिक्षण न घेतल्याची किंमत थंड मुलखातल्या लोकांना अधिक मोजावी लागते. म्हणून आधी थोडं त्यांच्याकडे पाहू. तिथे पाइप फुटतात ते पाणी गोठल्यामुळे. आपल्या महाराष्ट्रात असं फारसं घडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, त्याचे फोटो आपण थंडीत पेपरात पाहतो, पण घरातल्या पाइपांपर्यंत ते थंडपण पोहोचत नाही. काश्मीरमध्ये मात्र तो नेमच आहे. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस तिथे कडक थंडीचे, त्यांना 'चिल्लई कलान' म्हणतात. २०२४ सालच्या डिसेंबरात श्रीनगरचं तापमान उणे ८.५ अंशांपर्यंत उतरलं. डिसेंबरातली अशी थंड रात्र तिथे पन्नास वर्षांत झाली नव्हती. त्या दिवसांत नळ उघडला तरी थेंब येत नाही. लोक पाइपांना गोणपाट गुंडाळतात, रात्री नळ थोडा चालू ठेवतात. आपल्या जिल्ह्यातून फौजेत गेलेली जी माणसं तिकडे राहून आली, त्यांना विचारा, ती सांगतील.

गोठल्यावर पाइप फुटतो कशाला? जवळपास सगळ्या वस्तू गारठल्या की आक्रसतात. पाणी मात्र बर्फ होताना फुगतं, शंभर लिटरचं साधारण एकशेनऊ लिटर होतं. काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये विसरली की ती तडकते, ती यामुळेच. पाइपात याहून गमतीदार प्रकार होतो. बर्फ एका जागी धरतो आणि बाटलीच्या बुचासारखा वाढत जातो. ते बूच आणि पुढचा बंद नळ, यांच्यामध्ये राहिलेलं पाणी कोंडलं जातं. त्याला जायला जागा नसते, दाब भयंकर वाढतो, आणि जिथे पाइप कच्चा असेल तिथे तो फाटतो. म्हणजे जिथे बर्फ आहे तिथेच पाइप फुटेल असं नाही. रात्री नळ थोडा सोडून ठेवतात तो याचसाठी. कोंडलेल्या पाण्याला वाट मिळते.

आता यातली खरी मेख ऐका. पाइप फुटला तरी त्या क्षणी कुणाला कळत नाही, कारण बर्फाने वाट अडवलेली असते. पाणी बाहेर येतं ते नंतर, ऊन पडल्यावर, बर्फ वितळल्यावर. थंडी गेली म्हणून माणूस निश्चिंत होतो, आणि नेमकं तेव्हा छतातून धार लागते.

हे सगळं मी पुस्तकातलं सांगत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हेच झालं. टेक्सास म्हणजे उन्हाचा मुलूख. घरं बांधली आहेत ती उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून, पाण्याचे पाइप कितीतरी घरांत पोटमाळ्यावरून नेलेले. तिथे हिमवादळ आलं. १६ फेब्रुवारीला डॅलसच्या विमानतळावर उणे १९ अंश तापमान नोंदलं गेलं, १९४९ नंतरचं सर्वांत कमी. विजेची मागणी वाढली, वीजकेंद्रं आणि गॅसचा पुरवठा थंडीने कोलमडला, आणि ४५ लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात गेली. वीज नाही म्हणजे घर उबदार ठेवणारी यंत्रं बंद, आणि घर गार पडलं म्हणजे पाइप गोठले. त्या वादळातले मृत्यू राज्याच्या आरोग्य खात्याने मोजले, ते २४६ होते.

माझा भाचा त्या वेळी डॅलसच्या जवळ राहत होता. शिकला इथेच, कणकवलीत. आमच्याकडे सकाळचे साडेसात वाजले होते, म्हणजे त्यांच्याकडे रात्रीचे आठ. दोन दिवसांनी वीज परत आली, घर ऊबदार झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तासाभरात झोपायच्या खोलीच्या छतातून पाणी गळायला लागलं. त्याने आईला फोन केला, आईने माझ्याकडे दिला.

"मामा, वरसून पाणी येता. काय करू?"

मी विचारलं, "मेन कॉक खंय आसा?"

"माका काय ठावक!"

सहा वर्षं तो त्या घरात राहत होता. मी म्हटलं, आधी घरातला विजेचा मेन स्विच बंद कर, पोराला त्या खोलीतून बाहेर ने. हे त्याला लगेच जमलं. विजेची पेटी कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. मग म्हटलं, पाण्याचं मीटर शोध, कॉक त्याच्या आसपासच असणार. त्यांच्याकडे मीटर घराबाहेर रस्त्याच्या बाजूला, जमिनीतल्या खड्ड्यात, झाकणाखाली असतं. वरती बर्फ. टॉर्च घेऊन तो बर्फ उकरत होता, तेवढ्यात शेजारचे एक म्हातारे गृहस्थ लांब दांड्याची किल्ली घेऊन आले. त्यांनी झाकण उघडलं, किल्ली पाव फेरा फिरवली, आणि पाणी थांबलं. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील. तेवढ्यात छताचा अर्धा भाग भिजून पलंगावर कोसळला होता. पोरगं दहा मिनिटांपूर्वी त्याच पलंगावर होतं.

ही गोष्ट एका घराची. अशी हजारो घरं होती. फुटलेल्या पाइपांतून इतकं पाणी वाहून गेलं की मोठमोठ्या शहरांच्या नळांचा दाब उतरला. ह्यूस्टन शहराच्या पाणी खात्याला लोकांना जाहीर विनंती करावी लागली, की पाइप फुटला असेल तर घराचं पाणी बंद करा, आणि ते कसं बंद करायचं हे ठाऊक नसेल तर आम्हाला कळवा. पाइप गोठू नयेत म्हणून नळ चालू ठेवले असतील तर तेही आता बंद करा. म्हणजे रात्री जो उपाय चांगला होता, तोच शहरभर सगळ्यांनी केल्यावर अपाय झाला. पाणी उकळून प्या, अशी सूचना १ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांना द्यावी लागली, कारण दाब उतरलेल्या पाइपात बाहेरची घाण शिरू शकते. एका घरचा न सापडलेला कॉक इस्पितळाच्या नळाचं पाणीसुद्धा पळवतो, हे तिथे दिसलं.

दुसरं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं वाटेल. डिसेंबर २०१०मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये अशीच थंडी पडली, उणे १८.७ अंशांपर्यंत. नाताळानंतर एकाएकी हवा उबदार झाली आणि पाइप वाहू लागले. सुट्टीचे दिवस. दुकानं, कचेऱ्या, शाळा बंद. कितीतरी घरांना कुलपं. आत पाणी वाहतं आहे आणि बंद करायला कुणी नाही. सार्वजनिक टाक्या रिकाम्या झाल्या, हजारो घरं कित्येक दिवस पाण्याविना राहिली. पुढच्याच महिन्यात तिथल्या पाणी कंपनीच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. पण गळतीचा मोठा भाग कंपनीच्या पाइपांत नव्हता, लोकांच्या स्वतःच्या जागेतल्या पाइपांत होता.

कुलूप लावलेली घरं आणि आत वाहणारं पाणी, हे ऐकून मला आपलं कोकण आठवलं. तुम्ही म्हणाल, कणकवलीत कुठला बर्फ? खरं आहे. पण पाइप फोडायला आपल्याकडे बर्फाची गरज नाही. गच्चीवरचा पीव्हीसीचा पाइप आठ-दहा वर्षं ऊन खातो आणि पापडासारखा कडक होतो. त्यावर माडाची झावळ पडली की खेळ खलास. लाल तोंडाची माकडं टाकीवर उड्या मारतात, पाइपाला लोंबकळतात. डोंगरातल्या झऱ्यावरून आणलेला काळा पाइप काजूच्या बागेत उघडा टाकलेला असतो, बागेतलं गवत जाळताना तोही जळतो. रस्त्याच्या कामाला यंत्र येतं आणि एका घासात पाइप तोडतं. आणि घरातला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे बेसिनखाली किंवा कमोडच्या मागे असलेली ती बोटाएवढी लवचीक नळी. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू. ती कधी फाटेल याचा नेम नाही.

आमच्या वाडीत तीच फाटली. मे महिना होता. घर एका चाकरमान्याचं, गणपतीनंतर बंद केलेलं. किल्ली शेजारच्या वहिनींकडे. सकाळी नळाला पाणी आलं आणि थोड्या वेळात वहिनींना त्या घराच्या दाराखालून ओहोळ येताना दिसला. त्यांनी कुलूप उघडलं. आत घोटाभर पाणी. त्या धावत घरामागे गेल्या. तिथे तीन कॉक. पहिला फिरवला तर तो नुसताच गोल फिरत राहिला, आतली दांडी तुटलेली. दुसरा बंद केला, तो माडांच्या पाण्याचा निघाला. तिसरा गंजून दगड झालेला, त्यांच्या हाताला हलेना. त्यांनी मुलाला माझ्याकडे पिटाळलं. मी पाना घेऊन जाईपर्यंत अर्धा तास झाला होता.

घरात काय गेलं? फरशी पुसता येते, गादी वाळवता येते. पण खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात म्हाताऱ्यांची पत्रं, घरातल्या लग्नांचे फोटो, मुलांचे शाळेचे दाखले, जमिनीचे जुने कागद. ट्रंक खालून कुजलेली, पाणी आत शिरलेलं. वहिनी एकेक फोटो उचलून पडवीत वाळत घालत होत्या आणि रडत होत्या. फोटो त्यांच्या घरचे नव्हते. पण किल्ली त्यांच्याकडे होती ना!

आणि दुसरं नुकसान त्या घराबाहेर झालं. त्याच लाइनीवर वरच्या अंगाला एक म्हातारं जोडपं राहतं. आजोबा अंथरुणाला खिळलेले. मे महिन्यात त्यांची विहीर तळाला जाते, नळाचं ते तासाभराचं पाणी हाच आधार. त्या दिवशी त्यांच्या नळाला दाबच आला नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात मे महिन्यातल्या हंड्याचं मोल काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

मुंबईहून घरमालकाचा फोन आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "बंद करूचो कॉक खंय होतो?" ज्याचं घर, त्यालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा आता कामाचं बोलू. आपल्या कोकणातल्या घरात पाणी एका वाटेने येत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्या. साधारण तीन वाटा असतात. नगरपंचायतीचा किंवा ग्रामपंचायतीचा नळ ही एक. विहिरीचा किंवा बोअरिंगचा पंप ही दुसरी. आणि गच्चीवरची टाकी ही तिसरी. रस्त्याकडचा कॉक बंद केला म्हणजे सगळं थांबलं, असं समजू नका. टाकीकडून येणारा पाइप फुटला असेल तर टाकी रिकामी होईपर्यंत पाणी येतच राहणार. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजनाचं पाणी. मिनिटाला एक बादली धरली तरी तासाला साठ बादल्या झाल्या. त्यातून पंप आपोआप चालू होणारा असेल तर टाकी रिकामी होताच तो पुन्हा भरून देईल आणि विहिरीचं पाणी घरात सोडेल. म्हणून तिन्ही वाटांचे कॉक वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

कॉक दोन जातींचे. जुना चाकाचा, ज्याला गेट व्हॉल्व म्हणतात, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे फिरवत गेलं की बंद होतो. त्याला बरेच फेरे लागतात. हा पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंदच ठेवावा, अर्धवट ठेवला की आतला पडदा झिजतो. आणि पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे आणून ठेवावा, म्हणजे तो तिथेच धरत नाही. दुसरा दांड्याचा, बॉल व्हॉल्व. दांडा पाइपाच्या रेषेत असेल तर चालू, पाइपाला आडवा असेल तर बंद. अंधारात नुसता हात लावूनही कळतं. नवीन घर बांधत असाल तर मुख्य जागी हाच बसवा, आणि चांगल्या प्रतीचा बसवा. जमिनीत पुरू नका. उभ्या माणसाच्या हाताला येईल, म्हातारीलाही फिरवता येईल, अशा उंचीवर ठेवा. दिवसा घरात असतात त्या बायका आणि म्हातारी माणसं. कॉक त्यांच्यासाठी आहे, प्लंबरसाठी नाही.

मीटरच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला जो कॉक असतो तो पाणी देणाऱ्या संस्थेचा. त्याच्या भरवशावर राहू नका. मीटरच्या पुढे, आपल्या हद्दीत, आपला स्वतःचा एक कॉक हवाच.

कॉक नुसता असून भागत नाही. आमच्या दमट हवेत न फिरवलेला व्हॉल्व दोन-तीन वर्षांत धरतो. म्हणून वर्षातून दोनदा तो बंद करून पाहा आणि पुन्हा उघडा. गणपतीच्या साफसफाईला एकदा आणि शिमग्याला एकदा, म्हणजे लक्षात राहील. बंद केल्यावर घरातला नळ उघडून पाहा. पाणी थांबलं तर कॉक चांगला. धार चालूच राहिली तर कॉक बदला, तेही आजच. फुटल्यावर बदलता येत नाही.

आणि समजा फुटलाच पाइप, तर काय करायचं? आधी विजेकडे पाहा. पाणी बोर्डापाशी, छतातल्या दिव्यापाशी आलं असेल तर मेन स्विच बंद करा. पण तिथवर जायला पाण्यातून जावं लागत असेल किंवा पेटीच ओली झाली असेल तर हात लावू नका, आतल्यांना बाहेर काढा आणि वायरमनला बोलवा. वीज सुरक्षित असेल तर लगेच पाणी बंद करा, ज्या वाटेचं असेल त्या वाटेचं, कळत नसेल तर तिन्ही. पंपाचा स्विच बंद करा. मग घरातला सर्वांत खालचा नळ उघडा, म्हणजे पाइपात उरलेलं पाणी फुटलेल्या जागेतून न येता नळातून बादलीत जाईल. गिझर बंद करा. रिकामा गिझर तापत राहिला तर जळतो. प्लंबरला फोन हे सगळं झाल्यावर. लोक नेमकं उलट करतात. आधी फोन करतात आणि तो येईपर्यंत पाण्याला फडकी लावत बसतात. टेक्सासमध्ये तर बाहेरच्या राज्यांतून प्लंबर येत होते, तरी लोकांना दिवसच्या दिवस थांबावं लागलं. पण ज्यांनी पाणी बंद केलं होतं, त्यांना थांबणं परवडलं. दुरुस्तीला आठ दिवस लागोत, नुकसान मात्र कॉक फिरवला त्या क्षणी थांबतं.

ज्यांची मुलं परदेशी किंवा उत्तरेकडे थंडीत राहतात, त्यांनी मुलांना एवढं जरूर सांगावं. थंडीत बाहेरगावी जाताना घराचा मुख्य कॉक बंद करून नळ उघडे ठेवा, पाइप रिकामे होऊ द्या. रिकाम्या पाइपात गोठायला काही नसतं. आणि पाइप गोठलाच, नळाला पाणी येईना, तर जाळ लावू नका. काश्मीरमध्ये लोखंडी पाइपाभोवती शेकोटी करतात, ते पाहून प्लास्टिकच्या पाइपाला आच दिलीत तर पाइपही जाईल आणि घरही. पुढचा नळ उघडा ठेवा आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून गरम कपड्याने, केस सुकवायच्या यंत्राने हळूहळू ऊब द्या. पाइप तडकल्याची शंका असेल तर बर्फ वितळायच्या आधीच मुख्य कॉक बंद करा. मघाशी सांगितलेली मेख हीच.

आणि आपल्या चाकरमानी बंधूंना एक विनंती. गणपती झाले, मे महिना संपला, की तुम्ही दार-खिडक्या तपासता, देवापुढचा दिवा शांत होईपर्यंत थांबता, गॅस बंद करता, विजेचा मेन स्विच खाली करता, आणि किल्ली शेजारी देऊन गाडी गाठता. त्यात एक काम वाढवा. पाण्याचे कॉक बंद करा, तिन्ही वाटांचे. आणि घरातला एकही नळ उघडा राहिलेला नाही ना, ते पाहा. आपल्याकडे पाणी गेलेलं असताना नळ उघडा राहतो आणि आपण गेल्यावर पाणी येतं. कॉक बंद असेल तर त्यानेही काही बिघडणार नाही. आणि शेजाऱ्याच्या हाती नुसती किल्ली ठेवू नका. त्याला घरामागे नेऊन कॉक दाखवा. किल्ली देणं म्हणजे जबाबदारी देणं. ती पार पाडता येईल एवढी माहितीही बरोबर द्यायला नको का?

यासाठी खर्च फार नाही. लाल रंगाचा एक लहान डबा आणा. घराचा मुख्य कॉक लाल रंगवा. पंपाच्या आणि टाकीच्या कॉकला पत्र्याची चकती बांधून त्यावर रंगानेच लिहा, 'टाकी', 'पंप', 'माड'. विजेच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा, त्यावर कॉक कुठे आहेत याचं साधं चित्र काढा. आमच्याकडे वीज इतक्यांदा जाते की मेन स्विच घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. त्याच्याच शेजारी पाण्याचा कागद असला की तोही ठाऊक होईल.

मग घरातल्या प्रत्येकाकडून तो एकदा फिरवून घ्या. मुलांकडून, सुनेकडून, आजीकडून. आजीला तो फिरवता आला नाही, तर दोष आजीचा नाही, कॉकचा आहे. तो बदलून घ्या. माझ्याच दुकानातून घ्या असं मी म्हणत नाही, कुठूनही घ्या.